पेटीवरून ठुमरी शिकवणारे भैयासाहेब

शिंदे राजघराण्यातले भैया गणपतराव, जयाजीराव शिंद्यांचे पुत्र, ठुमरी शिकवायचे ती पेटी घेऊन. पेटीत मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, निघत नाही, स्वर आधीच बांधलेले, हा आक्षेप खराच आहे. परदेशीपणाचा ठपका वेगळाच. आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षं तिला दूर ठेवलं. पण म्हणून पेटीवरची तालीम अपुरी, हे मला पटत नाही. बोलबनावात एकच शब्द निरनिराळ्या स्वरांत घोळवायचा असतो, आणि ती वळणं पट्ट्यांवर स्वच्छ दिसतात. शेजारची पट्टी निसटती दाबून कणस्वर लागतो, भाता आवरला की दमसास येतो. याच तालमीतून मौजुद्दीन खाँसारखा ठुमरीगायक घडला. पेटीवादक गोविंदराव टेंबेही भैयासाहेबांच्या वादनाने भारावले. मींड गळ्यात असते, ती शिष्याने गळ्यातूनच काढावी.