मंगळवारची फिटची ओपीडी

नऊ वाजायचेत, तोवर केस पेपरच्या खिडकीपुढची रांग पोर्च ओलांडून उन्हात आली आहे. वैशाखाचं ऊन. काहींनी रांगेत नुसत्या पिशव्या ठेवल्यात आणि स्वतः कडुनिंबाखाली जाऊन बसलेत. रांग हलली की मागचा माणूस पुढची पिशवी पायाने सरकवतो. जिल्ह्याच्या या सरकारी रुग्णालयात मंगळवारी फिटची ओपीडी असते. पहाटेच्या एसटीने निघालेली माणसं आता पोहोचतायत.

आजारी कोण आणि सोबतीला आलेलं कोण, हे चटकन कळत नाही. कुणी कण्हत नाही, कुणी खोकत नाही. नीट पाहिलं की खुणा दिसू लागतात. एकाच्या भुवईवर टाक्यांचा व्रण. एका पोराच्या पुढच्या दाताचा टवका उडालेला. एका बाईच्या मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा गुळगुळीत डाग. भाकऱ्या थापताना चुलीपुढेच फिट आली होती, असं ती शेजारणीला सांगते आणि पदर हातावर ओढून घेते.

आत व्हरांडा लांबलचक आहे. पंखा फिरतो, वारा कुणालाच लागत नाही. बाकावर सरकून जागा करून घ्यायची. शेजारचा तरुण मोबाइलवर एक व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहतो. अंगणात पडलेला भाऊ, आवळलेले हात, मागून बायकांचा ओरडा. ‘कांदा आणा, कांदा!’ असा एक आवाज त्यातून स्पष्ट ऐकू येतो. मागच्या वेळी डॉक्टर मॅडमनीच सांगितलं होतं, पुन्हा आली तर शूटिंग करून आण.

खोलीत मॅडम व्हिडिओ आवाज बंद करून बघतात. दोनदा. मान आधी कुठल्या बाजूला वळली? डोळे उघडे होते का? पडण्याआधी काही बडबडला का? तरुण उत्तरं देतो. टेबलावर ईईजीचा, म्हणजे मेंदूच्या आलेखाचा कागद पडलेला आहे, पण पेन अजून उचललेलं नाही. पंचवीसहून जास्त औषधं आज उपलब्ध आहेत. त्यांतलं कुठलं, हे फिट मेंदूच्या एका कोपऱ्यातून सुरू होते की एकदम सगळीकडून, यावर पहिल्यांदा ठरतं. ते आलेखावर दरवेळी उमटतंच असं नाही. पाहिलेल्या माणसाला विचारावं लागतं.

पुढचा नंबर सतरा वर्षांच्या मुलाचा. कार्बामाझेपिन चालू आहे, तरी त्रास वाढलाय. ‘सकाळी उठल्यावर ब्रश हातातून उडतो का रे?’ मुलगा आईकडे बघतो. ‘कप उडतो,’ आईच सांगते. ‘मला वाटलं आळसाने टाकतो. दोनदा मारलंय मी त्याला.’ मॅडम मान हलवतात. सकाळचे हे झटके कार्बामाझेपिन उलट वाढवतं. सिस्टर मुलाला वजनकाट्यावर उभं करते. ४६ किलो. आता पेन उचललं जातं. व्हॅल्प्रोएट ३००, आधी फक्त रात्री, आठवड्याने सकाळीही. जुनी गोळी एकदम सोडायची नाही, हे तीनदा सांगितलं जातं. ‘आणि रात्रीचं जागरण बंद. मोबाइलसुद्धा.’ आई लगेच मुलाच्या खिशाकडे बघते.

त्याच्या मागोमाग एक तरुण येतो, वडिलांबरोबर. फिट आयुष्यात एकदाच आलेली. स्कॅन साफ, ईईजी साफ. चोवीस तासांहून जास्त अंतराने, काही उघड कारण नसताना दुसरी फिट आली, की साधारणपणे गोळ्या सुरू होतात. आज कागदावर औषध नाही. गाडी चालवायची नाही, विहिरीत पोहायचं नाही, पुन्हा काही झालं तर लगेच यायचं, एवढंच. वडील कागद उलटून मागची बाजू बघतात. दीडशे रुपये भाडं खर्चून आलोय, निदान ताकदीचं तरी काही लिहा, असं त्यांचं म्हणणं आहे.

मग एक मुलगी आत येते. बावीस-तेवीसची. हातात फाइल, फाइलवर ओढणी. आई दार लोटून घेते. ‘तुळशीचं लग्न झालं की हिचं आहे,’ आई हळू बोलते. मुलगी व्हॅल्प्रोएट घेते, दोन वर्षांत फिट नाही. सतराच्या मुलाला नुकतंच जे दिलं, तेच हिचं काढायचं आहे. गरोदरपणात व्हॅल्प्रोएट चालू राहिलं तर शंभरातल्या दहा बाळांत जन्मतः दोष आढळतो. एरवी हे प्रमाण दोन ते तीन असतं. वाढीत आणि शिकण्यात मागे पडणारी मुलं तर शंभरात तीस ते चाळीस. मॅडम हे आकडे आईला नव्हे, मुलीला सांगतात. लेव्हेटिरासिटाम २५० सकाळ-रात्र सुरू होईल, मग ५०० होईल, त्यानंतर जुनी गोळी पायरीपायरीने उतरेल. सोबत फॉलिक ॲसिड. ‘चिडचिड वाढली, रडू यायला लागलं, तर वाट बघत बसू नकोस, ये.’

‘सासरी सांगितलंय?’

आई फाइलची दोरी बांधू लागते. हिंदू विवाह कायद्यात फिटचा आजार लग्नाआड येत असे. ती अट १९९९ साली काढून टाकली गेली. मॅडम तेही सांगतात. ‘चोरून गोळी घ्यायची म्हटलं की एखादी चुकतेच, ताई. तेवढ्यासाठी तरी सांगा.’ मुलगी म्हणते, ‘मी सांगणार आहे.’ आई काहीच बोलत नाही.

अकरा वाजलेत. पत्रा तापल्याचा वास खोलीत येतो. साठीचे एक शेतकरी भिंतीला हात लावत लावत येतात, मागे त्यांची बायको. गावात फेनिटॉइनच्या तीन गोळ्यांवर फिट थांबली नाही म्हणून चार केल्या. तेव्हापासून एकाचे दोन दिसतात, पाय पडतो तिथे पडत नाही. ‘बाबा, या फरशीच्या रेषेवरून चाला बरं.’ चौथ्या पावलाला ते बाजूला जातात. मॅडम बोट डोळ्यांपुढून फिरवतात. बुबुळं कडेला जाऊन थरथरतात. फेनिटॉइनचं गणित सरळ नाही. एका मर्यादेपर्यंत यकृत ते निकामी करून बाहेर काढतं. त्यापुढे मोरी तुंबावी तसं होतं: एक गोळी वाढते आणि रक्तातलं औषध भलतंच चढतं.

मग तीन गोळ्यांवर फिट का येत होती? बाई पिशवीतून भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं काढतात, चार घड्या घातलेली. फिट आली त्या दिवशी पेन्सिलीची फुली. लिहिता येत नाही, पण फुली चुकलेली नाही. मॅडम पानं टेबलावर पसरतात, एकेका फुलीवर बोट ठेवत जातात.

‘एकादशी धरता?’

‘दोन्ही. आणि संकष्टी.’

‘त्या रात्री गोळी?’

‘उपासाला औषध कसं चालंल?’ बाबांना प्रश्नच नवा वाटतो. बऱ्याचशा फुल्या द्वादशीच्या चौकोनात आहेत.

औषध बदलत नाही. पुन्हा तीन गोळ्या, रात्री. खाली मराठीत, ठळक अक्षरांत: उपवासाच्या दिवशीसुद्धा. ‘पाण्याबरोबर घ्या. पाणी चालतं ना?’ बाबा विचार करतात. ‘पाणी चालतं,’ बायकोच उत्तर देते.

बाहेर जाडजूड फायली अजून थांबल्यात. पहिल्याच औषधाने जवळजवळ निम्म्या लोकांची फिट थांबते. दुसऱ्याने शंभरातल्या आणखी दहा-पंधरांची. नीट निवडलेली दोन औषधं पुरेशा डोसात देऊनही थांबली नाही, तर तिसऱ्या गोळीपाशी घुटमळण्यापेक्षा मोठ्या रुग्णालयात पाठवून शस्त्रक्रियेचा विचार करायचा असतो. फाइल जितकी जाड, तितकं ‘मुंबईला जायला जमेल का?’ हे वाक्य लवकर येतं आणि उत्तराला तितकाच वेळ लागतो.

औषधाच्या खिडकीवर वेगळीच रांग. लोखंडी जाळीमागचा माणूस कागद वाचतो, कात्रीने पट्ट्या कापतो, पाकिटावर १-०-१ लिहितो. क्लोबाझाम आज संपलंय, बाहेरून घ्यायचं. कंपनी बदललीय, गोळीचा रंग बदललाय. एक आजी पाकीट परत जाळीतून आत सारतात. ‘ही आमची नव्हं.’ तो नाव वाचून दाखवतो, डोस वाचून दाखवतो.

आजी जागच्या हलत नाहीत. नातवाच्या कार्डावरची तारीख बोटांच्या पेरांवर मोजतात. गोळ्या ३० दिवसांच्या मिळाल्यात. ओपीडी मंगळवारची, आणि पुढचा मंगळवार लिहिलाय तो ३५ दिवसांनंतरचा. ‘मधले पाच दिवस काय द्यू?’ जाळीमागचा माणूस कार्ड घेतो, स्वतः मोजतो, मागे लटकवलेल्या कॅलेंडरवर पुन्हा मोजतो. मग कागदावर बोट ठेवून म्हणतो, ‘इथं मॅडमची सही घेऊन या, ३५ चं करून देतो.’ आजी नातवाला कडेवर घेतात आणि व्हरांड्याकडे वळतात. ‘रांगेत थांबू नका, सरळ आत जा,’ तो मागून ओरडतो, आणि पुढचा कागद ओढून घेतो.