ओढ्याकाठचा तालिमखाना

संक्रांतीच्या सुमारास गावी गेलो असता, ओढ्याच्या काठी पाणी ओसरत चाललेल्या चिखलात कमरेएवढी, सरळसोट, काटेरी झुडपे दाटीने उभी दिसली. पेरापेराशी निळसर जांभळ्या फुलांचे झुबके होते. पुतण्याने मोबाइलवर छायाचित्र टिपले. उत्तर आले ‘कोरांटी’. मला ते पटेना. आमच्या अंगणातील कोरांटी फांद्या फुटून पसरते. ती पाण्यात पाय बुडवून उभी राहत नाही.

मग जवळ बसून निरखून पाहिले. खोड चौकोनी, केसाळ, बहुतेक बिनफांदीचे. प्रत्येक पेराशी सहा पानांचे चक्र. त्यांतील बाहेरची दोन पाने चांगली लांब, आतली चार आखूड. प्रत्येक पानाच्या बगलेत एकेक पिवळसर, सरळ काटा. म्हणजे पेराला सहा काटे. फुलाला दोन ओठ, खालच्या ओठावर पिवळे ठिपके. इतके टिपून घेतल्यावर शेतावरच्या मावशींना विचारले. त्यांनी मान न वळवताच सांगितले, “कोळसुंदा हाय त्यो.”

कोळसुंदा म्हणजेच आयुर्वेदातील कोकिलाक्ष, आणि आपल्या काष्ठौषधींच्या दुकानातील तालिमखाना! कोरांटी आणि तो, दोन्ही अडुळशाच्याच कुळातील. तेव्हा मोबाइलची चूक अगदीच निराधार नव्हती. पण ज्याच्या बिया आमच्या घराने तीन पिढ्या तोलून विकल्या, ते झाड आमच्यापैकी एकानेही पाहिले नव्हते, याचे मला फार वाईट वाटले.

त्याला कारणही आहे. दुकानात नवखा असताना, वैद्यांच्या चिठ्ठीवर ‘तालिमखाना’ लिहिलेले असूनही मी मखाना बांधून दिला होता. मखाना हे कमळासारख्या पाणवनस्पतीचे, मिथिलेच्या तळ्यांतून येणारे बी. भाजून फोडलेल्या लाह्या असतात त्या. तालिमखान्याचे बी त्यामानाने अगदी बारीक, चपटे, तपकिरी. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक पुडी घेऊन परत आले. वडिलांनी पैसे परत केले, क्षमा मागितली आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी अक्षरही बोलले नाहीत. नंतर त्यांनी चिमूटभर तालिमखाना माझ्या ओल्या तळहातावर ठेवला. क्षणात बियांभोवती बुळबुळीत डिंक सुटला. खऱ्या मालाची त्यांची परीक्षा ती हीच.

ओढ्यावर तेच केले. काटे चुकवत खालच्या पेरांवरील वाळलेली बोंडे चोळली आणि बिया पुतण्याच्या ओल्या हातावर टाकल्या. त्याने हात ओढ्यात बुडवून धुऊ पाहिला. बिया अधिकच चिकटल्या.