गाडीतला जळका वास आणि ज्येष्ठांचे पाय

मार्च महिन्यातील गोष्ट आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून सांगतो. सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ कुरुंद्यातील माझ्या दवाखान्यात आले. त्यांच्या डाव्या टाचेवर रुपयाएवढा फोड होता आणि भोवतीची कातडी पांढुरकी, मेलेली दिसत होती. मधुमेह वीस वर्षांपासूनचा. घरच्यांचा समज असा की चप्पल चावली असावी. मला तो फोड भाजल्याचा वाटला.

"काका, पाय कशावर भाजला?"

"डॉक्टरसाहेब, भाजला असता तर मला कळलं नसतं का?"

दुर्दैवाने या प्रश्नाचे उत्तर ‘नसते कळले’ असेच होते. डोळे मिटायला सांगून मी त्यांच्या तळव्याला नायलॉनच्या बारीक तंतूने दहा ठिकाणी स्पर्श केला. त्यांतील दोनच त्यांना जाणवले. दीर्घकाळच्या मधुमेहाने पायांच्या मज्जातंतूंची संवेदना गेली होती.

उन्हात तापलेल्या फरशीवर ते अनवाणी चालले असतील, या विचाराने मी औंढा नागनाथला जाणे झाले का, असे विचारले. झाले नव्हते. चूल नाही, शेक नाही, गरम पाण्याची पिशवीही नाही. मग सून सहज बोलून गेली, "आईंच्या तपासणीसाठी आम्ही दर आठवड्याला नांदेडला जातो. गाडीत जरा जळका वास येतो, पण वाटेत सगळीकडे हळद शिजवणं चालू आहे, म्हणून लक्ष दिलं नाही." पाठोपाठ सासूबाई म्हणाल्या, "नांदेडला पोचेपर्यंत माझं डोकं दुखायला लागतं. उतरलं की थांबतं."

गाडी बाहेरच उभी होती, अठरा वर्षांची. काका नेहमी चालकाच्या शेजारी, चपला काढून बसत. त्या जागेची रबरी चटई मुलाने उचलली, तर खालचा गालिचा तपकिरी होऊन करपला होता. फोड पायावर होता आणि त्याचे कारण गाडीत होते.

गाडीत नेमके काय बिघडले होते?

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने गाडी रॅम्पवर चढवून पाहिली. एक स्पार्क प्लग नीट पेटत नव्हता. त्यामुळे न जळलेले पेट्रोल धुराबरोबर पुढे जाऊन सायलेन्सरच्या वाटेवरील धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, जळत होते आणि तो डबा वाजवीपेक्षा फार तापत होता. डबा आणि गाडीचा तळ यांमधला उष्णता अडवणारा पत्रा गंजून गळून पडला होता. सायलेन्सरच्या पाइपचे एक पॅकिंगही गेले होते आणि तळाच्या पत्र्याला गंजाने छिद्रे पडली होती. म्हणजे उष्णता आणि धूर या दोघांनाही आत येण्याची वाट मोकळी होती.

त्वचा भाजायला ज्वाळाच लागते असे नाही. सुमारे ४४ अंश सेल्सिअसच्या पृष्ठभागावर इजा होण्यास काही तास लागतात. ५० अंशांच्या पुढे काही मिनिटेही पुरतात. निरोगी माणूस चटका बसताच पाय उचलतो. संवेदना गेलेला पाय तिथेच राहतो.

सासूबाईंच्या डोकेदुखीबद्दल मी अधिक सावध झालो. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्टपणे चिकटतो. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, गुंगी ही त्याची लक्षणे. हृदयविकार असलेल्यांना छातीतही दुखू शकते. त्यांचे दुखणे याच वायूमुळे होते हे मी सिद्ध करू शकत नाही, कारण रक्तातील त्याचे प्रमाण मोजण्याची सोय माझ्याकडे नाही. गाडी दुरुस्त झाल्यावर मात्र ते दुखणे थांबले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. करोनाकाळात घरोघरी आलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर या विषबाधेत फसवतो. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले रक्तही त्याला प्राणवायूने भरलेलेच वाटते. आकडा ९८ दाखवत असला तरी निर्धास्त राहू नका.

नाकावर किती विसंबावे?

वयाबरोबर वास घेण्याची शक्ती मंदावते आणि अनेक ज्येष्ठांना ते जाणवतही नाही. तरुण नाकाचीही एक मर्यादा असते: तोच वास काही मिनिटे येत राहिला की नाक त्याची दखल घेणे सोडून देते. म्हणून गाडीत बसतानाचा पहिला वास महत्त्वाचा. दहा मिनिटांनी तो येईनासा झाला, तर तो गेला असे समजू नका. आमच्या भागात हळद शिजवण्याचा आणि उसाचे पाचट जाळण्याचा हंगाम असतो तेव्हा तर धुराचे खापर बाहेरच्या शेतावर फोडणे फार सोपे जाते. खात्री करण्याची रीत साधी आहे. शेत मागे पडल्यावरही वास टिकला, तर तो गाडीचाच.

वासावरून निदान

डॉक्टर लक्षणांवरून रोगाचा अंदाज बांधतो, तसा येथेही बांधता येतो.

• गोडसर वास, काटा लालकडे: कूलंट गळत असावे. डाव्या पायाखालची चटई ओलसर लागली, तर हीटरची गळती पाहावी.

• जळक्या रबराचा वास: इंजिनाचा पट्टा घसरत असेल किंवा एखादा होज पाइप तापलेल्या भागाला टेकला असेल.

• जळक्या तेलाचा वास: झिजलेल्या गॅस्केटमधून ऑइल तापलेल्या पाइपवर ठिबकत असेल.

• एकाच चाकाजवळ उग्र वास आणि धग: ब्रेक चिकटला असेल किंवा हॅन्डब्रेक पूर्ण सुटला नसेल. चाकाला हात लावू नका.

• वितळलेल्या प्लॅस्टिकचा वास: वायरिंग. हा सर्वांत घातक. फ्यूज वारंवार जात असेल, तर त्याजागी मोठा फ्यूज वा तार घालणे म्हणजे आगीला आमंत्रण.

प्रवासात वास आला तर

गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करा. ज्येष्ठांना सर्वांत आधी खाली उतरवा आणि सावलीत, वाहनांपासून दूर बसवा. गुडघेदुखी असलेल्यांना उतरायला वेळ लागतो. म्हणून धूर दिसण्याची वाट पाहू नका. बॉनेटमधून धूर किंवा ज्वाळा दिसल्यास बॉनेट उघडू नका, कारण आत हवा जाऊन आग भडकते. दूर व्हा आणि १०१ किंवा ११२ वर कळवा. केवळ गाडी तापली असेल, तरी रेडिएटरचे झाकण गरम असताना मुळीच उघडू नये. आतले दाबाखालचे पाणी शंभर अंशांपेक्षाही गरम असू शकते आणि उसळून तोंडावर येते.

गाडीतील सर्वांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, तर खिडक्या उघडून लगेच थांबा आणि मोकळ्या हवेत या. कोणाला गुंगी आली किंवा छातीत दुखू लागले, तर १०८ ला फोन करा.

भाजलेल्या भागावर २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडा. आमचा मुलूख हळदीचा असला, तरी भाजल्यावर हळद लावू नका. तूप, टूथपेस्ट, बर्फही नको. मधुमेही व्यक्तीचा फोड कितीही लहान असो, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अशा दुर्लक्षित फोडांपासूनच पाय कापण्याची वेळ येते.

घरच्यांसाठी

खासगी गाडीला १५ वर्षे झाली, की नोंदणीचे नूतनीकरण पाच पाच वर्षांसाठी करावे लागते. पण पाच वर्षांत पुष्कळ काही गंजते. जुनी गाडी वर्षातून एकदा रॅम्पवर चढवून खालून पाहून घ्या. महिन्यातून एकदा, लांबचा प्रवास संपल्यावर, चटया उचलून हाताचा मागचा भाग तळाशी धरून धग पाहा. मधुमेही ज्येष्ठांना गाडीत चपला काढू देऊ नका आणि घरी आल्यावर त्यांचे तळवे उजेडात पाहा. त्यांना दुखत नाही, ही खुशालीची खूण नव्हे.

काकांची जखम भरायला दोन महिने लागले. पाय वाचला. आता सूनबाई गाडीत बसताच आधी खोल श्वास घेतात आणि मगच मुलाला किल्ली फिरवू देतात. काका हसतात, पण चपला पायातच ठेवतात.