बटाटा पोखरणाऱ्या अळीचा भुंगेरा

इंग्लंडांत जुनें कुरण मोडून बटाटे लावले, कीं पुष्कळदां कंद पोखरलेले निघतात. हें काम तारेसारख्या ताठ, पिवळ्या ‘वायरवर्म’ अळीचें. ती चार-पांच वर्षें जमिनींत राहत असल्यानें पुढील पीकही धोक्यांत असतें. यास्तव ओळख आधीं पटावी.

भुंगेरा उताणा ठेवावा. छातीखालचा कांटा मागील खांचेंत एकदम बसून ‘टक्’ असा आवाज होतो व किडा उसळतो. (मुलांना ही परीक्षा फार आवडते.) इतकें जुळल्यावर पाठ पाहावी. फिकट व गडद उभे पट्टे एकाआड एक असल्यास तो ‘अ‍ॅग्रिओटिस लिनिएटस’. त्याचा भाऊबंद ‘ऑब्स्क्यूरस’ सरसकट तपकिरी असतो.

अळीच हातीं लागली, तर शेवटचा खंड पाहावा. अ‍ॅग्रिओटिसचा तो निमुळता असून बुडाशीं दोन काळसर खळगे असतात. टोंक दुभंगलेलें असल्यास अळी निराळ्या भुंगेऱ्याची.