गावाचा 'डीपी': बिल्डरांच्या संघटना आधी बोलतात, शेतकऱ्याला उशिरा का कळतं?

पुणे : गावात 'डीपी' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर विजेचा डबा येतो. सरकारी कार्यालयात मात्र डीपी म्हणजे डेव्हलपमेंट प्लॅन, अर्थात विकास आराखडा. कोणत्या गटात घरं बांधता येणार, कुठं शेतीच राहणार, रस्ता किती मीटरचा होणार, शाळा-दवाखान्याचं आरक्षण कुणाच्या रानात पडणार, हे सगळं या नकाशावर ठरतं. बांधकाम व्यावसायिकांच्या संघटना या नकाशावर आणि त्यामागच्या नियमांवर वर्षानुवर्षं सरकारकडे आपलं म्हणणं मांडत आल्या आहेत. गावाला मात्र बऱ्याचदा नकाशा छापून आल्यावरच जाग येते. हे कसं घडतं आणि गावाच्या हातात काय आहे, ते पाहू.

एका रेघेनं काय होतं?

समजा, एका शेतकऱ्याची एक एकर जमीन आहे, 100 मीटर लांब आणि साधारण 40 मीटर रुंद. आराखड्यात त्या जमिनीच्या लांबीतून 24 मीटर रुंदीचा रस्ता दाखवला. म्हणजे 2,400 चौरस मीटर, सुमारे 24 गुंठे रस्त्यात गेले. 40 गुंठ्यांतले 16 उरले. शेजारच्या गटातून रेघ गेली नाही, तर त्या जमिनीला आयता रस्ता लागला आणि भाव वाढला. बांध एकच, पण नशीब वेगळं.

झोनचंही तसंच. हिरवा पट्टा म्हणजे शेती झोन आणि पिवळा म्हणजे रहिवासी झोन, हे आता गावागावात माहीत झालं आहे. पण रस्त्याच्या रुंदीवर किती बांधकाम करता येईल हेही ठरतं, ते कमी लोकांना ठाऊक असतं. रस्ता रुंद तर एफएसआय, म्हणजे बांधकामाचं क्षेत्र, जास्त मिळतं. म्हणून रस्ता 9 मीटरचा की 12 मीटरचा, हा प्रश्न बिल्डरसाठी लाखमोलाचा असतो.

संघटना काय करतात?

क्रेडाई आणि नरेडको या देशपातळीवरच्या संघटना आहेत. क्रेडाईच्या राज्य आणि शहर पातळीवरही शाखा आहेत. मंत्र्यांना निवेदनं देणं, नगरविकास खात्यात बैठका घेणं, नियमांच्या मसुद्यावर लेखी सूचना पाठवणं हे त्यांचं काम. यात बेकायदेशीर काही नाही. शेतकरी संघटना ऊसदरासाठी जसं भांडतात, तसाच हा प्रकार.

त्याचा परिणामही दिसतो. प्रत्येक शहराला वेगळे बांधकाम नियम नकोत, राज्याला एकच नियमावली हवी, ही या व्यवसायाची जुनी मागणी होती. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रं वगळून राज्यभर एकत्रित नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, लागू झाली. कोरोनाकाळात ऑगस्ट 2020 मध्ये सरकारनं मुद्रांक शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत 3 टक्क्यांनी कमी केलं. जानेवारी 2021 मध्ये दीपक पारेख समितीच्या शिफारशीनंतर बांधकामावरच्या प्रीमियममध्ये वर्षअखेरपर्यंत 50 टक्के सवलत दिली. सवलत घेणाऱ्या बिल्डरनं ग्राहकाचं मुद्रांक शुल्क भरायचं, अशी अट त्यात होती.

गावाचं आणि बिल्डरचं हित कुठं जुळतं?

रस्ते, पाणी, सांडपाण्याची सोय आधी करा, मग घरं येऊ द्या, ही मागणी दोघांचीही असते. हिंजवडी, वाघोली, चाकण भागातली वाहतूक कोंडी गावकऱ्यालाही छळते आणि फ्लॅट घेणाऱ्यालाही. टँकरचं पाणी दोघांनाही महाग पडतं. रहिवासी झोन वाढला तर शेतकऱ्याच्या जमिनीलाही भाव येतो. त्यामुळे संघटनांची प्रत्येक मागणी गावाच्या विरोधातच असते, असं नाही.

आणि कुठं फाटतं?

पहिला मुद्दा रेडीरेकनरचा. हे दर वाढवू नका, अशी मागणी संघटना वेळोवेळी करतात. दर वाढले की घर घेणाऱ्याचं मुद्रांक शुल्क वाढतं आणि बिल्डरचा प्रीमियमही वाढतो. 2023-24 आणि 2024-25 ही सलग दोन वर्षं राज्यात हे दर वाढले नव्हते. पण 2013 च्या भूसंपादन कायद्यात जमिनीचा बाजारभाव काढताना रेडीरेकनरचा दर आणि आसपासच्या खरेदीखतांतला भाव यांची तुलना होते आणि त्यातला जास्त धरला जातो. ज्या गावात खरेदीखतं थोडी किंवा कमी किमतीची, तिथं रेडीरेकनर हाच शेतकऱ्याचा आधार. तो जागच्या जागी राहिला, तर मोबदल्याचं गणितही तिथंच अडकतं.

दुसरा मुद्दा आकाराचा. एकात्मिक नगर वसाहत, म्हणजे टाउनशिप, उभी करायला किमान 40 हेक्टर, जवळपास 100 एकर सलग जमीन लागते. टाउनशिपला मिळणाऱ्या सवलती दोन-चार एकरवाल्याच्या थेट उपयोगाच्या नाहीत. त्याला हव्या असतात गावठाणालगत घर बांधायची मोकळीक, शेतात जायला वाट आणि आरक्षण पडलंच तर वेळेत मोबदला.

तिसरा मुद्दा मोबदल्याच्या प्रकाराचा. आरक्षणाच्या जागेसाठी पैशांऐवजी टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, देण्याची तरतूद आहे. बिल्डर तो थेट वापरू शकतो. शेतकऱ्याला मात्र तो विकावा लागतो, आणि विकताना भाव घेणारा ठरवतो.

पीएमआरडीएच्या आराखड्याचं काय झालं?

पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण मार्च 2015 मध्ये स्थापन झालं. जिल्ह्यातली शेकडो गावं त्यात आहेत. ऑगस्ट 2021 मध्ये प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यावर सुमारे 67 हजार हरकती-सूचना आल्या. सुनावण्या झाल्या, प्रकरण उच्च न्यायालयातही गेलं आणि 2025 मध्ये राज्य सरकारनं तो आराखडाच रद्द केला.

यातून दोन गोष्टी कळतात. हरकत म्हणजे कागदाची रद्दी नव्हे, ती मोजली जाते. दुसरं म्हणजे, आराखडा रद्द झाला म्हणून विषय संपत नाही. नवा नकाशा कधी ना कधी येणारच, आणि त्याची तयारी नकाशा यायच्या आधी करावी लागते.

गाव कधी बोलू शकतं?

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा, 1966 मध्ये यासाठी अनेक दारं आहेत. ती संघटनांना जितकी उघडी, तितकीच शेतकऱ्याला.

आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो (कलम 23), तेव्हाच सूचना मागवल्या जातात. गावातून या टप्प्यावर सहसा कुणी बोलत नाही. खरं तर पाणंद, ओढा, विहिरी, बागायत क्षेत्र कुठं आहे हे सांगायची हीच वेळ.

प्रारूप आराखडा आला (कलम 26) की हरकतीसाठी 30 दिवस मिळतात. त्यानंतर नियोजन समितीपुढं म्हणणं मांडायची संधी असते (कलम 28). सरकारनं मंजुरी देताना मोठे बदल सुचवले, तर त्यावर पुन्हा हरकती मागवल्या जातात (कलम 31). आराखडा मंजूर झाल्यावर एखाद्या गटाचा झोन किंवा आरक्षण बदलायचं असेल, तर त्याचीही सूचना निघते (कलम 37). ही सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात छोट्या अक्षरात येते. गावाचं लक्ष नसलं, तर आक्षेप न येताच मुदत संपते.

आरक्षण पडून 10 वर्षं झाली आणि जमीन घेतली नाही, तर मालक कलम 127 खाली खरेदी नोटीस देऊ शकतो. पुढच्या 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होतं.

हरकत कशी असावी?

संघटनांच्या निवेदनात नियमाचा क्रमांक असतो, नकाशा असतो आणि पर्याय असतो. गावाच्या अर्जात बऱ्याचदा एकच ओळ असते : 'आमचा विरोध आहे.' सुनावणीत या ओळीवर फार काही बोलता येत नाही.

- प्रत्येक खातेदारानं स्वतःच्या गट नंबरसह वेगळी हरकत द्यावी. ग्रामसभेचा ठराव सोबत जोडावा, पण नुसत्या ठरावावर विसंबू नये.
- सातबारा, मोजणी नकाशा, विहीर, फळबाग, घर यांचे पुरावे आणि फोटो जोडावेत.
- नगररचना कार्यालयातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढून ठेवावा. एजंटच्या मोबाइलवरचा नकाशा पुरावा नसतो.
- रस्ता नको एवढंच न लिहिता, तो सरकारी जमिनीतून, गायरानातून किंवा जुन्या वहिवाटीच्या वाटेनं कसा नेता येईल ते नकाशावर दाखवावं.
- अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्यावी. सुनावणीच्या दिवशी तीच विचारली जाते.

आराखडा येणार अशी चर्चा सुरू झाली की गावात एजंटांच्या गाड्या फिरू लागतात. 'तुमच्या गटात आरक्षण पडतंय, आत्ताच इसार करा' असं सांगून कमी भावात व्यवहार होतात. प्रारूप नकाशा हा अंतिम नकाशा नसतो. त्यात बदल होतात, तो रद्दही होऊ शकतो, हे 2025 मध्ये दिसलंच आहे. त्यामुळे इसार पावतीवर सही करण्याआधी झोन दाखला हातात घेतलेला बरा.