खर्च कमी म्हणजे आजार कमी नव्हे

अमेरिकेतल्या एका मोठ्या रुग्णालयात, जादा देखभालीच्या कार्यक्रमासाठी संगणकाने आपोआप निवडलेल्या रुग्णांमध्ये कृष्णवर्णीय होते १७.७ टक्के. निवड खरोखर आजारपण पाहून झाली असती, तर ते ४६.५ टक्के भरले असते. झियाद ओबरमायर, सेंधिल मुल्लैनाथन आणि सहकाऱ्यांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात हा हिशेब मांडला. असली साधने तिथे वर्षाला सुमारे २० कोटी लोकांना लावली जातात, असा त्या क्षेत्राचा अंदाज होता.

संगणकाला रुग्णाचा वर्ण सांगितलेलाच नव्हता. त्याला अंदाज बांधायला लावला होता पुढच्या खर्चाचा, आणि घात तिथेच झाला. जुनाट आजारांची संख्या सारखी असतानाही कृष्णवर्णीय रुग्णावर वर्षाला सुमारे १,८०० डॉलर कमी खर्च होत होता. रजा मिळत नाही, गाडी नाही, डॉक्टरवर भरवसा नाही. माणूस दवाखान्यापर्यंत पोहोचत नाही, बिल होत नाही, आणि विमा कंपनीच्या लेखी तो ठणठणीत ठरतो. खर्चाच्या जोडीला प्रकृतीचा अंदाजही धरला, तेव्हा हा भेद ८४ टक्क्यांनी घटला.

मॅसॅच्युसेट्स राज्याने यावरचा उपाय पैशाच्या वाटपातच शोधला. गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेत आरोग्य योजनांना दरडोई रक्कम देताना ऑक्टोबर २०१६ पासून आजारांबरोबर वस्तीचा 'ताणांक'ही धरला जाऊ लागला. जनगणनेच्या सात आकड्यांवरून तो काढतात. त्यांत गरिबी, बेकारी, घरात गाडी नसणे, अपुरे शिक्षण असे घटक आहेत. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो दुसरा निकष: एका वर्षात तीन किंवा अधिक पत्ते नोंदले गेले, तर त्या माणसाच्या डोक्यावर पक्के छप्पर नाही असे धरायचे. कुणाला अवघड प्रश्न विचारावा लागत नाही, माहिती दप्तरात आधीच असते. अशा माणसामागे जास्त रक्कम मिळाली की त्याला टाळण्यात योजनेचा फायदा उरत नाही.

नुसते विचारून नोंदवायचे म्हटले तर काय होते? अमेरिकेत बेघरपणा, उपासमार यांसाठी 'झेड' अक्षराने सुरू होणारे निदान-संकेतांक आहेत. प्रामुख्याने ज्येष्ठांसाठीच्या मेडिकेअरच्या मूळ योजनेत २०१९ साली ते १.५९ टक्के लाभार्थ्यांच्याच बिलांवर आढळले. हाती द्यायला काही नसताना डॉक्टरने 'घरात जेवण आहे का' असे विचारायचे तरी कशासाठी?

नॉर्थ कॅरोलायनाने द्यायला काहीतरी ठेवले. २०२२ पासून तिथे मेडिकेडच्या पैशातून अन्न, घर आणि वाहतूक पुरवली गेली. खर्च सुरुवातीला वाढला, मग उतरत गेला. मूल्यमापनात माणशी दरमहा सुमारे ८५ डॉलरची बचत दिसली. तरीही निधी न मिळाल्याने जुलै २०२५ मध्ये ही सेवा थांबली. माझ्या मते हा निर्णय आकड्यांच्या विरुद्ध होता.

आपल्याकडेही सामाजिक माहिती वापरली गेली आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजना पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवर चालत असताना मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा मिळून १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांनाही तिच्यात घेतले होते. जिल्ह्याचे संकट हाच तिथे निकष होता. आता योजना सर्वांसाठी खुली आहे, त्यामुळे 'कोण पात्र' यापेक्षा 'कोण पोहोचत नाही' हे शोधायला हवे, आणि नुसते दावे मोजून ते कळणार नाही. बीडच्या ऊसतोड कुटुंबाचा पत्ता कागदावर वर्षभर एकच असतो, पण कुटुंब पाच-सहा महिने दूर फडावर, कोपीत राहते. तीन पत्त्यांची चाळणी त्यांना पकडणार नाही. अशा ऊसतोड टोळ्यांची माहिती मुकादमाकडे आणि कारखान्याकडे असते. विम्याच्या हप्त्यासाठी किंवा कामावरून काढण्यासाठी ती वापरता येणार नाही, अशी कायदेशीर हमी देऊन ती योजनेकडे आणली, तर कोणत्या कारखान्याजवळच्या अंगीकृत रुग्णालयात किती कुटुंबांची सोय लागेल, हे गाळप सुरू होण्याआधीच मोजता येईल.