वस्तूचा अर्थ सांगण्याचा अधिकार

वसाहतकाळात युरोपीय सत्तांनी जिंकलेल्या वा अंकित केलेल्या प्रदेशांतून असंख्य वस्तू आपल्या देशांत नेल्या, त्यांची वर्गवारी केली आणि त्या वर्गवारीच्या आधारे तेथील माणसांविषयी निष्कर्ष काढून ते जगाला सांगितले. या तिन्ही कृतींची आज जी फेरतपासणी चालू आहे, तिला वस्तुसंग्रहालयांचे निर्वसाहतीकरण असे म्हटले जाते. सार्वजनिक चर्चेत यांपैकी पहिल्या कृतीकडेच सर्वाधिक लक्ष जाते. ब्रिटिश फौजेने १८९७ मध्ये आजच्या नायजेरियातील बेनिन हे नगर लुटले आणि तेथून नेलेल्या धातूच्या व हस्तिदंती कलाकृती पुढे युरोप-अमेरिकेतील अनेक संग्रहालयांत पोहोचल्या. त्यांपैकी काही जर्मनीने डिसेंबर २०२२ मध्ये नायजेरियाला परत दिल्या, तेव्हा त्या घटनेची जगभर दखल घेतली गेली आणि ती योग्यच होती. तथापि वस्तू मायदेशी परतली आणि तिच्याविषयी परक्या सत्तेने लिहून ठेवलेला मजकूर मात्र तसाच प्रमाण मानला गेला, तर निर्वसाहतीकरणाचे काम अर्धेच झाले असे म्हणावे लागते. म्हणूनच या प्रक्रियेत संज्ञापनाला मध्यवर्ती स्थान आहे. संग्रहालयाच्या संदर्भात या संज्ञेत कपाटांतील मांडणी, माहितीफलक, नोंदवह्या, मार्गदर्शकांचे निवेदन आणि ज्यांच्या पूर्वजांनी त्या वस्तू घडवल्या त्या समाजाशी होणारा संवाद, या साऱ्यांचा समावेश होतो.

मांडणी ही स्वतःच एक विधान असते, हे ऑक्सफर्ड येथील पिट रिव्हर्स संग्रहालयाच्या इतिहासावरून स्पष्ट होते. जनरल पिट रिव्हर्स यांनी दिलेल्या संग्रहातून १८८४ मध्ये स्थापन झालेल्या या संग्रहालयात वस्तू प्रदेशानुसार न लावता प्रकारानुसार लावल्या गेल्या. शस्त्रांजवळ शस्त्रे, दिव्यांजवळ दिवे अशी ही रचना असून, साध्या रूपाकडून गुंतागुंतीच्या रूपाकडे संस्कृतीचा विकास होतो, या तत्कालीन समजुतीचा तिला आधार होता. अशा रचनेत एखाद्या जमातीची वस्तू ‘साधी’ ठरली की ती जमातही आपोआप ‘मागासलेली’ ठरत असे, आणि फलकावर तसा एक शब्दही नसताना हा निष्कर्ष पाहणाऱ्याच्या मनात रुजत असे. याच संग्रहालयाने २०२० मध्ये, दक्षिण अमेरिकेतील शुआर लोकांकडून आलेल्या आकसवलेल्या मानवी शिरांसह १२० मानवी अवशेष प्रदर्शनातून काढून घेतले. त्या अवशेषांच्या दर्शनातून इतर संस्कृती रानटी आणि भयंकर आहेत, हाच समज प्रेक्षक सोबत नेतात, असे संग्रहालयाला स्वतःच्याच पाहणीत आढळले होते. ज्ञान देण्यासाठी मांडलेली वस्तू जर पूर्वग्रह दृढ करत असेल, तर दोष पाहणाऱ्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, सांगणाऱ्याच्या पद्धतीत असतो, ही या निर्णयामागील कबुली होती.

या निर्णयाचे पडसाद भारताच्या ईशान्य टोकापर्यंत उमटले, कारण जगातील सर्वांत मोठा नागा वस्तुसंग्रह याच संग्रहालयात आहे. त्यात सहा हजारांहून अधिक वस्तू असून दोनशेहून अधिक मानवी अवशेषही आहेत. त्यांतील मोठा भाग जे. एच. हटन आणि जे. पी. मिल्स या ब्रिटिश अधिकाऱ्यांमार्फत तेथे गेला. हे दोघेही नागा टेकड्यांचे प्रशासक होते आणि नागा जमातींवरील मानववंशशास्त्रीय ग्रंथांचे लेखकही होते. हटन पुढे १९३१ च्या जनगणनेचे आयुक्त झाले. राज्य करणारा, वस्तू गोळा करणारा आणि त्या वस्तूंचा अर्थ लिहिणारा माणूस एकच असल्यावर, ज्यांच्याविषयी लिहिले जाते त्यांना उलटून बोलण्यास कोठेच जागा उरत नाही.

संग्रहालयाच्या २०२० च्या निर्णयानंतर नागा मानववंशशास्त्रज्ञ डॉली किकॉन यांनी नागा अवशेषांविषयी विचारणा केली आणि त्यातून ‘फोरम फॉर नागा रिकन्सिलिएशन’ या संस्थेच्या पुढाकाराने एक दीर्घ संवादप्रक्रिया सुरू झाली. किकॉन आणि त्यांचे सहकारी अर्कोतोंग लोंगकुमेर यांच्यासह काम करणाऱ्या गटाने गावोगावचे वडीलधारे, चर्चचे धुरीण, विद्यार्थी आणि महिला संघटना यांच्याशी चर्चा केल्या. हा विषय सर्वसामान्यांपर्यंत पोहोचावा म्हणून ‘अ पाथ होम’ ही चित्रकथाही प्रसिद्ध केली. अशा संवादाची गरज होती, कारण येथील प्रश्न सरळ नाहीत. पूर्वी शत्रूचे शिर कापून आणण्याची प्रथा असल्याने एखादी कवटी ज्या गावातून नेली गेली त्याच गावच्या माणसाची ती असेल, असे सांगता येत नाही. बहुसंख्य नागा समाज आज ख्रिस्ती आहे आणि परदेशातून शतकानंतर परतलेल्या पूर्वजांसाठी कोणते अंत्यसंस्कार करावेत, याला परंपरेत तयार उत्तर नाही. शिवाय नागा लोक नागालँडखेरीज मणिपूर, आसाम, अरुणाचल प्रदेश आणि म्यानमारमध्येही विखुरलेले आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंग्लंडमधील एका लिलावात नागा कवटी विक्रीस ठेवली गेली आणि तीव्र निषेधानंतर ती मागे घेतली गेली, तेव्हा हा प्रश्न भूतकाळात जमा झालेला नाही, हे सर्वांना दिसले. जून २०२५ मध्ये नागा प्रतिनिधींनी ऑक्सफर्डला जाऊन पूर्वजांच्या अवशेषांचे दर्शन घेतले आणि ते परत आणण्याचा निर्धार जाहीरनाम्याद्वारे व्यक्त केला. या साऱ्या प्रवासात परतीचा निर्णय आणि परतीविषयीचे बोलणे ही दोन वेगळी कामे राहिलेली नाहीत. समाजाने आपसांत बोलून आपली इच्छा ठरवणे, हाच त्या परतीचा पाया आहे.

महाराष्ट्राशी या विषयाचा थेट संबंध वाघनखांच्या निमित्ताने आला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या मुदतीने महाराष्ट्रात आली व प्रथम साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली गेली आणि त्यांच्या दर्शनामागे लोकांची जी भावना होती ती अत्यंत खरी होती. या वाघनखांबरोबरच्या पेटीवरील इंग्रजी लेखात मात्र शिवाजी महाराजांनी या वाघनखांनी ‘मोगल’ सरदाराला मारले, असे म्हटले आहे. महाराजांनी मारलेला अफझलखान आदिलशाहीचा सरदार होता, हे महाराष्ट्रातील शाळकरी मूलही जाणते. पेशव्यांच्या प्रधानाने ती जेम्स ग्रँट डफ यांना साताऱ्याचे रेसिडेंट असताना दिली, असेही तो लेख सांगतो. पण ग्रँट डफ यांची तेथील नेमणूक १८१८ मधली, म्हणजे पेशवाई लयाला गेली त्याच वर्षीची आहे. हीच ती महाराजांची वाघनखे, याची खात्री करता आलेली नाही, असे लंडनच्या संग्रहालयाने स्वतः नमूद केले आहे. अशा वेळी पेटीवरील लेख, त्यातील चुका, ग्रँट डफ यांची प्रशासक आणि मराठ्यांचे इतिहासकार अशी दुहेरी भूमिका आणि अभ्यासकांचे मतभेद, हे सारे प्रेक्षकांपुढे मोकळेपणाने मांडले, तर महाराजांच्या थोरवीला तसूभरही बाधा येत नाही. उलट वसाहतकाळात इतिहास कसा लिहिला गेला, याचा मोलाचा धडा मिळतो.

मुंबईत १८७२ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट या नावानेच खुल्या झालेल्या संग्रहालयाला १९७५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव मिळाले. तेथे निरनिराळ्या जातिजमाती आणि व्यवसाय दाखवणाऱ्या मातीच्या लहान प्रतिकृती आहेत. त्यांत माणसे नमुने म्हणून दिसतात, त्यांचे स्वतःचे म्हणणे कळत नाही. नूतनीकरणानंतर २००८ पासून या संग्रहालयाने समकालीन कलावंतांना जुन्या कपाटांच्या सान्निध्यात आपल्या कलाकृती मांडण्यास बोलावले, आणि नाव बदलण्यापेक्षा हे पाऊल अधिक खोलवर जाणारे आहे, कारण त्यामुळे जुन्या मांडणीला प्रश्न विचारणारा दुसरा आवाज त्याच दालनात उभा राहतो.

ही तपासणी आपल्या घरालाही लागू आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील दिवे आणि अडकित्ते एका मराठी माणसाने जिव्हाळ्याने जमवले. तरीही अशा वस्तूंमागचा तांबट, सुतार वा लोहार बहुधा अनामिकच राहतो. आदिवासींच्या बाबतीत तर शहरातील संग्रहालय त्यांच्याविषयी बोलते आणि ते ऐकण्यासही तेथे नसतात. गुजरातेत तेजगढ येथे गणेश देवी यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या ‘वाचा’ या आदिवासी संग्रहालयाने वस्तूइतकेच महत्त्व आदिवासींच्या वाणीला दिले, म्हणून ते पथदर्शक ठरते.

आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने २०२२ मध्ये प्राग येथे स्वीकारलेल्या संग्रहालयाच्या नव्या व्याख्येत समाजांच्या सहभागासह नैतिकतेने संज्ञापन करण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. महाराष्ट्रातील संग्रहालयांनी ही व्याख्या आचरणात आणायची, तर वस्तू कोठून व कशी आली हे फलकावर सांगणे, सोप्या मराठीत आणि शक्य तेथे संबंधित समाजाच्या बोलीत लिहिणे, आणि लिहिण्यापूर्वी त्या समाजातील कारागिरांना व जाणत्यांना विचारणे, या तीन गोष्टींपासून सुरुवात करता येईल. यांसाठी कोणत्याही परदेशी सरकारच्या संमतीची वा मोठ्या निधीची वाट पाहावी लागत नाही. परदेशातून वस्तू मागण्याचा आपला नैतिक अधिकारही त्यामुळेच बळकट होईल, कारण आपल्या दालनांत आपल्याच माणसांना बोलू देणाऱ्या समाजाची मागणी टाळणे कोणालाही अधिक अवघड जाते.